हातचं राखणारं झाड

पॅक्लिटॅक्सेलची सलाईन लावायच्या आधी नर्स दोन-तीन इंजेक्शनं देऊन ठेवते: एक स्टेरॉइडचं, एक ॲलर्जी दाबणारं, एक पित्ताचं. मग नळी सोडते ती थेंब मोजून. तीन तास. सोबत आलेल्या माणसाला वाटतं, औषध जहाल आहे म्हणून ही एवढी तयारी. खरं कारण बरंचसं घरगुती आहे. हे औषध पाण्यात विरघळतच नाही. म्हणून ते एरंडेलापासून केलेल्या एका द्रावकात आणि अल्कोहोलात कालवावं लागतं, आणि रुग्णाचं अंग बिथरतं ते मुख्यतः त्या द्रावकापायी. स्तनाच्या, बीजकोशाच्या, फुप्फुसाच्या कॅन्सरवर जगभर रोज दिलं जाणारं हे औषध एका झाडाच्या सालीत सापडलं. त्याचं जुनं नाव टॅक्सॉल.

ते सापडायला आणि त्याची रचना कळायला नऊ वर्षं लागली. ते झाड हा पदार्थ करतं कसा, हे बहुतांशी कळायला त्यापुढे आणखी चोपन्न वर्षं गेली. मधल्या काळात औषध मिळवण्यासाठी माणसांनी काय काय केलं, त्याचीच ही हकीकत आहे.

21 ऑगस्ट 1962. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातलं वॉशिंग्टन राज्य. पॅकवुड गावाच्या उत्तरेला, गिफर्ड पिंचो राष्ट्रीय जंगलात कृषी खात्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर बार्क्ले तीन विद्यार्थ्यांना घेऊन नमुने गोळा करत हिंडत होते. 1960 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने कृषी खात्याशी करार केला होता. खात्याची माणसं रानावनातून वनस्पती आणणार, संस्था त्यांचे अर्क कॅन्सरच्या पेशींवर तपासणार. अमकी वनस्पती अमक्या रोगावर चालते, असं कुणा जाणत्याला विचारून ही निवड होत नव्हती. दिसेल ते तोडायचं, वाळवायचं, पिशवीत भरून पाठवायचं. अशी हजारो झाडंझुडपं त्या चाळणीतून गेली आणि बहुतेक गळून पडली.

त्या दिवशी बार्क्ले यांनी पॅसिफिक यू या झाडाची साल सोलली. उंचच उंच डग्लस फरच्या सावलीत कुठेतरी वाकडंतिकडं वाढणारं हे सुईपर्णी झाड. वाढ इतकी सावकाश की शंभर वर्षांचा बुंधासुद्धा कवेत सहज मावावा. लाकूडतोड्यांच्या लेखी त्याला किंमत नव्हती. मोठी झाडं पाडून झाली की यू पालापाचोळ्याच्या ढिगात जाळून टाकत. नमुन्यावर क्रमांक पडला B-1645.

1964 साली कळलं की या सालीचा अर्क प्रयोगशाळेत वाढवलेल्या कॅन्सरपेशी मारतो. नमुना गेला नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये, मन्रो वॉल यांच्याकडे. पेशींना मारणारे असले अर्क आपल्याकडेच पाठवा, असं वॉल यांनीच मागून घेतलं होतं. इतरांना हे अर्क फार विषारी, म्हणून निरुपयोगी वाटत. वॉल यांच्या प्रयोगशाळेत तेव्हा एक रसायनशास्त्रज्ञ नुकतेच रुजू झाले होते. त्यांचं नाव मनसुख वाणी.

वाणी नंदुरबारचे. जन्म 20 फेब्रुवारी 1925. तेव्हा नंदुरबार पश्चिम खानदेश जिल्ह्यात होतं; स्वतंत्र जिल्हा व्हायला अजून सात दशकं होती. मुंबई विद्यापीठातून 1947 साली बी.एस्सी., 1950 साली एम.एस्सी. करून ते पुढे अमेरिकेत गेले आणि इंडियाना विद्यापीठाची पीएच.डी. त्यांना मिळाली 1962 साली, बार्क्ले यांनी साल सोलली त्याच वर्षी. हा निव्वळ योगायोग. पण खानदेशातल्या वाचकाने तो मनाशी ठेवायला हरकत नाही. नंदुरबारच्या या माणसाच्या हाताखालून कॅन्सरची एक नव्हे, दोन औषधं गेली. पहिलं कॅम्पटोथेसिन. चिनी लोक ज्याला आनंदवृक्ष म्हणतात त्या झाडातून वेगळं काढून त्याची रचना वॉल आणि वाणी यांनी 1966 साली जाहीर केली. त्याच्याकडे शेवटी येतोच.

यूच्या सालीचं काम वेगळ्या चिकाटीचं होतं. 12 किलो वाळलेली साल आणि फांद्या अल्कोहोलात भिजवायच्या, अर्क दोन द्रावकांत वाटायचा, प्रत्येक वाटा पुन्हा तपासायचा, ज्या बाटलीत गुण उतरला असेल तिचाच माग काढायचा, बाकीच्या बाजूला ठेवायच्या. असं करत करत शेवटी हाती आला अर्धा ग्रॅम पांढरा पदार्थ. चिमूटभर मिठाएवढा. रचना कळायच्या आधीच 1967 साली वॉल यांनी त्याचं बारसं केलं. यूच्या शास्त्रीय नावातलं टॅक्सस आणि अल्कोहोल गटाचं ‘ऑल’, मिळून टॅक्सॉल.

आता हा 113 अणूंचा रेणू दिसतो कसा, हे शोधायचं होतं. क्ष-किरणांनी रचना वाचायची तर नीट स्फटिक लागतो, आणि टॅक्सॉल तसा स्फटिक देईना. मग वाणी आणि सहकाऱ्यांनी तो रेणू हलक्या हाताने मोडला. त्याचे दोन तुकडे झाले: एक मोठा गाभा आणि एक छोटी शेपटी. प्रत्येकाला जड अणू जोडून स्फटिक केले आणि ड्यूक विद्यापीठातल्या अँड्र्यू मॅकफेल यांनी ते क्ष-किरणांखाली वाचले. गाभ्यात कार्बनच्या मोठ्या कड्या एकमेकींत गुंतलेल्या, आणि एका बाजूला तीन कार्बन व एक ऑक्सिजन यांची इवलीशी चौकोनी कडी. असला सांगाडा कॅन्सरच्या औषधांत कुणी पाहिला नव्हता. 1971 साली निबंध प्रसिद्ध झाला.

वाणींनी जिथे तो रेणू मोडला तो सांधा लक्षात ठेवा. पुढची चोपन्न वर्षं सगळे त्याच सांध्यापाशी येऊन थांबतात.

निबंध छापून आला आणि विषय थंडावला. पदार्थ विरघळत नाही, झाड दुर्मीळ, आणि उंदरांमधले पहिले निकाल बेताचे. त्याला धुगधुगी आली ती न्यूयॉर्कमध्ये. राष्ट्रीय कर्करोग संस्थेने सुसान हॉर्विट्झ यांना 1977 साली विचारलं, हा पदार्थ पेशीत नेमकं काय करतो ते पाहाल का? त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी पीटर शिफ यांनी 1979 साली उत्तर दिलं. पेशी दुभंगायच्या वेळी आत बारीक नळ्यांची एक परांची उभी राहते, गुणसूत्रं दोन बाजूंना ओढली गेली की ती उतरवली जाते. सदाफुलीतून निघालेली कॅन्सरची औषधं ही परांची बांधूच देत नाहीत. टॅक्सॉल उलटं करतं. बांधू देतं, मग गाठी अशा आवळतं की परांची उतरतच नाही. अडकलेली पेशी मरते. ही तऱ्हा तोवर कुठल्याही औषधात दिसली नव्हती, आणि एकाएकी सगळ्यांना टॅक्सॉल हवं झालं.

1984 साली माणसांवर चाचण्या सुरू झाल्या. एरंडेली द्रावकाने काही रुग्णांना इतकी तीव्र ॲलर्जी झाली की चाचण्या बंद पडायच्या बेतात होत्या. औषध सावकाश द्यायचं आणि आधी ॲलर्जीची इंजेक्शनं टोचायची, हा तोडगा तेव्हाचा. वॉर्डातल्या त्या तीन तासांचं मूळ तिथे आहे. 1989 साली जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी जाहीर केलं की बीजकोशाच्या कॅन्सरमध्ये, इतर औषधं थकलेल्या बायकांपैकी सुमारे 30 टक्के जणींच्या गाठी टॅक्सॉलने आक्रसल्या. आता झाडांवर संक्रांत येणार हे ठरलं.

हिशेब साधा आणि भयंकर होता. 1 किलो औषधाला सुमारे 10,000 किलो साल, म्हणजे अंदाजे 3,000 झाडं. एका रुग्णाच्या पूर्ण उपचाराला दोनेक ग्रॅम धरले तर माणशी सहा झाडं. साल काढली की यू मरतो. डिंकासारखी टोचणी देऊन पुढच्या वर्षी परत यावं असं ते झाड नाही. शिवाय जुन्या जंगलातल्या ठिपकेदार घुबडाला 1990 साली कायद्याचं संरक्षण मिळालं होतं. आपल्याकडे अपशकुनी मानलेला पक्षी तिथे जंगलाचा वकील होऊन बसला. एका बाजूला मरायला टेकलेल्या बायका, दुसऱ्या बाजूला शेकडो वर्षांचं रान, असं भांडण अमेरिकेच्या वर्तमानपत्रांत रंगलं. मला ते भांडण लटकं वाटतं. कालपर्यंत तेच झाड ढिगात जाळत होते, तेव्हा त्याच्यासाठी कुणी हळहळलं नव्हतं. 1992 साली यूसाठी खास कायदा झाला, आणि त्याच वर्षी 29 डिसेंबरला औषधाला मान्यता मिळाली. टॅक्सॉल हे नाव ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीने आपल्या नावावर नोंदवलं आणि वॉल यांनी पंचवीस वर्षांपूर्वी ठेवलेल्या नावाच्या जागी शास्त्रीय लेखनात पॅक्लिटॅक्सेल आलं.

झाडं वाचवली ती पॅरिसजवळच्या एका बागेने. जिफ-स्यूर-इव्हेत गावातल्या संशोधन संस्थेच्या आवारात युरोपी यू होते. वाट काढायला त्यातले काही तोडले, तेव्हा पिएर पोतिए यांच्या गटाने पाला वाया जाऊ दिला नाही. त्या पानांत त्यांना टॅक्सॉल फारसं नाही, पण टॅक्सॉलचा गाभा मुबलक सापडला. वाणींनी 1971 मध्ये मोडून वेगळा केला होता, तोच तुकडा! पानं खुडली तर झाड मरत नाही, कुंपणाच्या यूची छाटणी तर दरवर्षी होतेच. गाभा पानांतून घ्यायचा आणि शेपटी कारखान्यात चिकटवायची, ही रीत पोतिए यांनी दाखवली. फ्लोरिडातल्या रॉबर्ट होल्टन यांनी ती कारखान्याला परवडेल अशी केली. 1994 साली होल्टन आणि के. सी. निकोलाऊ यांच्या गटांनी हा रेणू सुरुवातीपासून शेवटपर्यंत काचेच्या भांड्यात घडवूनही दाखवला. रसायनशास्त्राच्या इतिहासात त्याला मानाचं पान आहे. बाजारात त्याला काडीचाही उपयोग झाला नाही. पायऱ्या इतक्या की शेवटी हातात उरतं ते मोजायला सूक्ष्म तराजू लागावा. पुढे यूच्या पेशी मोठमोठ्या टाक्यांत वाढवून त्यांच्याकडूनच औषध करून घेण्याची पद्धत आली, तीही अजून चालते.

आपल्या हिमालयातल्या यूला मात्र हा सुटकेचा मार्ग उशिरा मिळाला. गढवालात त्याला थुनेर म्हणतात. नव्वदच्या दशकात त्याची पानं आणि साल पोत्यांनी खाली उतरली, आणि 1995 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आली. पानं खुडली तर झाड मरत नाही हे खरं, पण खुडणारा मजुरीवर असेल आणि झाड कुणाचंच नसेल, तर फांदीच काय, बुंधाही खाली येतो.

इथवरच्या सगळ्या उपायांत एक गोष्ट समान आहे. झाडाने रांधलेलं ताट उचलायचं, हवं तर वरून फोडणी घालायची. झाडाची कृती कुणालाच ठाऊक नव्हती. आणि यू हे त्या सुगरण आजीसारखं, जी विचारलं की दोन जिन्नस सांगते आणि तिसरा हातचा राखते.

कृती विचारायला बसले रॉडनी क्रोटो. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्वेला पुलमन गावात, म्हणजे बार्क्ले यांनी साल सोलली त्याच राज्यात. पेशीतलं प्रत्येक रासायनिक काम एकेक विकर करतं आणि प्रत्येक विकराची कृती एकेका जनुकात लिहिलेली असते. क्रोटो यांना आधी पहिली पायरी हवी होती. तिथे तयार होणारा पदार्थ झाडात टिकतच नाही, लगेच पुढच्या हाताला दिला जातो. शेकडो किलो सालीतून त्याचा जेमतेम कण मिळाला. 1995 साली ती पायरी पक्की झाली, 1996 साली तिचं जनुक हाती आलं. वीस कार्बनची एक सरळ साखळी, जी कुठल्याही हिरव्या पानात असते, तिला यूचं हे विकर पिळून कड्यांचा सांगाडा करतं. पुढच्या दहाएक वर्षांत क्रोटो यांच्या गटाने आणखी जनुकं एकामागून एक हुडकली. एकूण पायऱ्या एकोणीसच्या आसपास असाव्यात असा त्यांचा अंदाज होता. अर्ध्याअधिक सापडल्या आणि गाडी अडली.

अडायचं कारण झाडांच्या लिहिण्याच्या पद्धतीत आहे. बुरशी आणि जिवाणू एका पदार्थाची जनुकं बहुधा एकाच ओळीत शेजारी शेजारी ठेवतात. एक सापडलं की बाकीची हाताशी असतात. झाडांचा संसार पसरलेला. यूची जनुकसंहिता 2021 साली वाचून झाली तेव्हा दिसलं की ती सुमारे 10 अब्ज अक्षरांची आहे, माणसाच्या तिप्पट, आणि तीत चाळीस हजारांवर जनुकं आहेत. त्यातली कामाची दहा-पंधरा कुठली? संशय घ्यायला शेकडो होती. आणि संशयिताची चौकशी करायची तर यूमध्येच फेरफार करून झाड वाढायची वाट पाहणं शक्य नव्हतं. चौकशीला दुसरं, चटपटीत, निमूट झाड हवं होतं.

ते झाड होतं ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत आतल्या भागातलं रानटी तंबाखू, निकोटियाना बेन्थामियाना. विडीच्या तंबाखूचं हे दूरचं भावंड. वीतभर रोप, मऊ रुंद पानं, आणि विषाणूंविरुद्धची एक तटबंदी मुळातच ढासळलेली. परकं जनुक आत आलं तरी ते फारशी खळखळ करत नाही. ते जनुक आत न्यायचं काम करतो मातीतला एक जिवाणू, ॲग्रोबॅक्टेरियम, जो गुलाबाच्या, द्राक्षाच्या बुडाशी गाठी आणतो. हा जिवाणू स्वतःच्या डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो, हे 1977 साली सिद्ध केलं मेरी-डेल चिल्टन आणि सहकाऱ्यांनी, सिॲटलमध्ये. पुन्हा वॉशिंग्टन राज्यच. साल, जिवाणू आणि पहिलं जनुक, तिन्ही एकाच राज्यातली. त्यांची गाठ पडायला मात्र पुढची कित्येक वर्षं लागली.

हे काम प्रत्यक्षात इतकं साधं आहे की पहिल्यांदा पाहणाऱ्याला फसवल्यासारखं वाटेल. जिवाणूतून गाठी आणणारा भाग आधीच काढलेला असतो, त्याजागी हवं ते जनुक. असे जिवाणू पाण्यात ढवळून गढूळ ताकासारखं पाणी होतं. इंजेक्शनच्या सिरिंजची सुई काढून टाकायची. पान उलटं धरायचं, खालून बोटाचा आधार, आणि सिरिंजचं बोथट टोक पानाच्या पाठीवर टेकवून हलकेच दाबायचं. पानाच्या सूक्ष्म रंध्रांतून पाणी आत शिरतं आणि हिरव्यावर एक गडद ओला डाग पसरत जातो, कागदावर तेलाचा पसरावा तसा. जोर जास्त झाला तर पान फाटतं. चार-पाच दिवसांत ती जागा परक्या जनुकाप्रमाणे वागू लागते. डाग कापायचा, कुटायचा, यंत्राला विचारायचं: नवीन काय बनलंय?

खरी मौज मिश्रणात आहे. एका जिवाणूच्या पाण्यात एक जनुक, दुसऱ्यात दुसरं. दहा पाणी एकत्र केली की दहाही विकरं एकाच पानात कामाला लागतात. अकरावं घालून पाहा, चौथं वगळून पाहा. बियाणं तयार करायची वाट नाही, पिढ्या मोजणं नाही. तंबाखूचं पान औषधाचा कारखाना होईल की नाही हा नंतरचा प्रश्न. आधी ते शोधाची चूल झालं.

ही चूल सर्वांत हुशारीने पेटवली स्टॅनफर्डमधल्या एलिझाबेथ सॅटली यांनी. 2015 साली त्यांनी आणि वॉरन लाऊ यांनी हिमालयातल्या मेॲपल या वनस्पतीवर काम केलं; तिच्या मुळांपासून इटोपोसाइड हे कॅन्सरचं औषध निघतं. पानाला जखम केली की झाड ते रसायन जास्त करू लागतं. मग जखमेनंतर कुठली जनुकं जागी होतात एवढंच पाहायचं. सहा नवी विकरं सापडली आणि दहा जनुकांनी तंबाखूच्या पानात औषधाचा मूळ पदार्थ उतरला. 2020 साली त्याच प्रयोगशाळेने गाऊटवरच्या कोल्चिसिनची कृती जवळजवळ पूर्ण उलगडली, आणि जनुकं घेतली होती कळलावीची! श्रावणात आपल्या कुंपणांवर ज्वाळेसारखी पेटणारी, भांडणं लावते म्हणून अनेक घरांत उंबऱ्याबाहेर ठेवलेली, आणि कोकणात ‘गौरीचे हात’ म्हणून पुजलेली तीच. सोळा जनुकं. विषारी कंदाची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ओळख. त्या विषाची कृती लागली ती कॅलिफोर्नियातल्या तंबाखूवर.

टॅक्सॉल मात्र दाद देईना. 2010 साली एमआयटीमध्ये अजिकुमार परायिल आणि ग्रेगरी स्टेफनोपोलोस यांच्या गटाने पहिली पायरी जिवाणूत इतकी झकास बसवली की लिटरमागे 1 ग्रॅम सांगाडा मिळाला. सगळे खूश. दुसऱ्या पायरीवर सगळे पुन्हा आपटले. सांगाड्यावर पहिला ऑक्सिजन बसवणारं विकर क्रोटो यांना सापडलं होतं, पण ते परक्या घरात नीट वागेना. हवा तो पदार्थ थोडा, नको ते दहा. जिवाणूत, यीस्टमध्ये, तंबाखूत, सगळीकडे तेच. वर्षानुवर्षं लोक त्या विकरालाच दुरुस्त करत बसले.

2024 च्या जानेवारीत चीनमधल्या शेन्झेनच्या यान जियानबिन यांच्या गटाने एक मोठा अडसर काढला. 1971 मध्ये क्ष-किरणांत दिसलेली ती चौकोनी कडी घडवणारं विकर त्यांना सापडलं, आणि नऊ जनुकांनी त्यांनी तंबाखूच्या पानात बॅकाटिन III, म्हणजे टॅक्सॉलचा जवळजवळ पुरा गाभा, उतरवला. प्रमाण अगदी कमी. पण तो होतो, हे दिसलं.

स्टॅनफर्डच्या लोकांनी प्रश्न वेगळा विचारला. पहाटे तीनला वाड्यातल्या कुठल्या कुठल्या खोल्यांत एकदम दिवे लागतात? एकाच गाडीला निघालेली माणसं तीच. रोज सगळ्यांचेच दिवे संध्याकाळी लागत असतील तर काही कळणार नाही; म्हणून वाड्याला वेगवेगळ्या वेळी दचकवायला हवं. कॉनर मॅकक्लून आणि सहकाऱ्यांनी यूच्या सुयांना शेकडो तऱ्हांनी छेडलं, हे संप्रेरक, ती रोगजंतूंची चाहूल, आणि मग एकेका पेशीचं केंद्रक वेगळं करून कुठली जनुकं तेव्हा जागी आहेत ते वाचलं. टॅक्सॉलची जनुकं सगळी मिळून एकदम उठत नाहीत, गटागटाने उठतात असं दिसलं. गट ओळखले आणि अनोळखी चेहरे पुढे आले.

त्यांतला एक चेहरा कुणाच्या यादीतच नव्हता. ते विकरच नव्हतं. स्वतः कुठलीच रासायनिक घडामोड न करणारं, भलत्याच कुळातलं एक छोटं प्रथिन. ते पानात मिसळलं आणि दुसऱ्या पायरीचं बिघडलेलं विकर सरळ आलं. हवा तो पदार्थ होऊ लागला, कचरा घटला. इतकी वर्षं ज्याला दोष दिला ते विकर निर्दोष होतं. त्याचा जोडीदारच कुणी सोबत आणला नव्हता. आजीने राखलेला तिसरा जिन्नस हाच. त्याला त्यांनी फोटो-वन असं नाव दिलं.

2025 च्या जूनमध्ये हे प्रसिद्ध झालं. सतरा जनुकं, त्यातली सात नवी, आणि तंबाखूच्या पानात बॅकाटिन III यूच्या सुयांत असतं साधारण तेवढ्या प्रमाणात. आणखी एका नव्या जनुकाची भर घालून शेपटीही बहुतेक जोडली गेली. टॅक्सॉल होण्यापासून एकदोन पायऱ्या अलीकडे त्यांचं काम थांबलं, आणि थांबलं तेही वाणींनी रेणू मोडला त्या सांध्याच्या पलीकडे, शेपटीतच. कारखाने अजून यूची पानं आणि टाकीतल्या पेशी यांवरच चालतात. पानातलं प्रमाण वाढवून, यीस्टमध्ये बसवून ते परवडेपर्यंत बराच पल्ला आहे.

वाणींना हे पाहायला मिळालं नाही. 2000 साली त्यांना आणि वॉल यांना मिळून केटरिंग पारितोषिक मिळालं. 2002 मध्ये वॉल गेले. 2003 साली अमेरिकन केमिकल सोसायटीने त्यांच्या प्रयोगशाळेतल्या शोधाला ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. वाणी 11 एप्रिल 2020 ला, पंचाण्णवाव्या वर्षी गेले. या रेणूवर त्यांचं पेटंट नव्हतं.

त्यांचं दुसरं औषध आपल्या डोंगरात आहे. आनंदवृक्षातलं कॅम्पटोथेसिन सह्याद्रीतल्या एका साध्या झाडातही आहे, आणि जास्त आहे, हे 1972 साली दाखवलं टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी, मुंबईत गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रातून. झाडाचं नाव नरक्या. पान चुरगाळलं की नाव का पडलं ते कळतं. 1996 साली कॅम्पटोथेसिनपासून केलेल्या दोन औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली आणि सिंधुदुर्ग, कोल्हापूरच्या रानांतला नरक्या रात्रीच्या टेम्पोंतून उतरू लागला. पॅसिफिक यूसारखाच, पण त्याच्यासाठी ना घुबड उभं राहिलं ना खास कायदा झाला. जप्त केलेले तुकडे वनखात्याच्या आवारात ढीग घालून पडतात, पंचनाम्यात किलो लिहिले जातात. कॅम्पटोथेसिनच्या कृतीतली सुरुवातीची पानं वाचून झाली आहेत, मधली काही अजून कोरी आहेत. तंबाखूला ते पूर्ण करता येत नाही. नरक्याला येतं.